तिळाएवढे पार्ट आणि आपले हात

गेल्या पंधरवड्यात एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यांचा मुलगा आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड शिकतो आहे. घरी आला की सर्किट जोडत बसतो. आजवर त्याचे काम पाय असलेल्या पार्टांवर चालले होते. बोर्डाच्या भोकात पाय घालायचे, पालथे करून डाग द्यायचा, उरलेला पाय कापायचा. आता त्याने पैसे साठवून एक किट मागवले, तर त्यात बिनपायाचे, तिळाएवढे पार्ट निघाले. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने सांगितले की हे हाताचे काम नव्हे, याला मशीन लागते. तेव्हापासून किट डब्यात पडून आहे. बाई विचारतात, मशिनीला खर्च किती येईल, आणि तो झेपणारा नसेल तर पोराने हा नाद सोडून द्यावा काय?

ताई, मशीन घ्यायची नाही आणि नादही सोडायचा नाही. त्या गृहस्थांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. कारखान्यात हे पार्ट मशीन बसवते, तासाला हजारोंनी बसवते. परंतु ते वेगासाठी. अगदीच बारीक आकार सोडले तर यातले बहुतेक पार्ट साध्या चिमट्याने आणि साध्या सोल्डरिंग आयर्नने घरी बसवता येतात. जगभरातली हौशी मंडळी ते करीत आहेत. मात्र काही गोष्टी आधी माहीत असाव्या लागतात, आणि त्या पहिल्या दिवशी कोणी सांगत नाही, म्हणून मुले घाबरतात. आजचा लेख त्यासाठी.

प्रथम हे पार्ट असे बिनपायाचे का झाले ते पाहू. या पद्धतीला सरफेस माउंट म्हणतात, बाजारात सगळे एसएमडी म्हणतात. अर्थ एवढाच की पार्ट बोर्डाच्या पाठीवर बसतो, आरपार जात नाही. १९६० च्या दशकात आयबीएम कंपनीने या दिशेने सुरुवातीचे काम केले. चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न रॉकेटला मार्ग दाखवणाऱ्या संगणकात तशी जोडणी होती. १९८० च्या दशकात ही पद्धत घरगुती वस्तूंत पसरू लागली, आणि आज मोबाईल, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, एलईडी बल्ब, काहीही उघडा, आत तेच दिसते. भोके पाडायची नसली की बोर्ड स्वस्त पडतो, दोन्ही बाजूंना पार्ट बसतात, आणि लांब पाय नसल्यामुळे जलद चालणारी सर्किटे नीट चालतात.

आता मुलाने हे शिकले नाही तर बिघडते काय? बिघडते. नव्या आयसींपैकी पुष्कळ आता फक्त याच रूपात निघतात. जुन्या पद्धतीच्या, दोन्हीकडे पायांची रांग असलेल्या आयसी मिळतात, पण त्या बहुतांशी जुन्याच जातीच्या. म्हणजे जो मुलगा पायवाल्या पार्टावर थांबला, तो वडिलांच्या रेडिओच्या काळात थांबला. पुढे दुरुस्तीचे दुकान टाकायचे असो की कारखान्यात नोकरी धरायची असो, त्याच्यासमोर येणारा बोर्ड एसएमडीचाच असणार. ज्यांच्या घरी पैसा आहे ती मुले महागड्या क्लासमध्ये हे शिकून घेतात. आपल्या मुलांना "हे आपले काम नव्हे" एवढ्या एका वाक्यावर मागे ठेवणे मला पटत नाही.

आणि बारीक काम आपल्या घरांना परके आहे काय? मेथीच्या दाण्यातून खडा वेचणारा हात, मणी ओवणारा हात, साडीला फॉल लावणारा हात हे काम का करू शकणार नाही? मुंबईत अंधेरीला १९७३ साली सीप्झ सुरू झाले. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत दिवसभर बोर्डावर बसून राबणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी होती. तेव्हा मुलगा शिकत असेल तर बहिणीलाही शेजारी बसवावे. बहुधा तिचाच हात लवकर बसेल.

आता सामान. सगळ्यात आधी चिमटा. टोके बारीक आणि एकमेकांवर बरोबर मिळणारी हवीत. उजेडाकडे धरून दाबून पाहावा, टोके एकमेकांवरून सरकत असतील तर तो चिमटा परत द्यावा, कारण पार्ट त्यातून उडणार. एक वाकड्या टोकाचा असला तर अधिक बरे.

आयर्न घरात असलेला २५ वॉटचा चालतो. तापमान बांधून देणारे स्टेशन मिळाले तर उत्तम, पण त्यावाचून अडत नाही. बिटाच्या बाबतीत मात्र सर्वांची एकच समजूत असते की पार्ट बारीक म्हणून बिटही सुईसारखे हवे. हे उलटे आहे. सुईच्या टोकाचा स्पर्श इतका थोडा होतो की उष्णता पुढे जातच नाही. मुलगा दाबून धरतो, पार्ट भाजतो आणि सोल्डर तरी वितळत नाही. दीड ते दोन मिलिमीटर रुंदीचे, छिन्नीसारखे चपटे बिट घ्यावे. दोन-तीन सेकंदांत डाग बसला पाहिजे. स्टेशन असेल तर साध्या शिसेवाल्या सोल्डरसाठी ३२० ते ३५० अंशांवर ठेवावे.

सोल्डरची तार बारीक, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची. तिच्यावर ६३/३७ लिहिलेले असेल तर ती सर्वांत चांगली. त्यात ६३ भाग कथील, ३७ भाग शिसे असते आणि ती १८३ अंशांना एकदम वितळते, एकदम गोठते. ६०/४० चालते, पण ती वितळणे आणि गोठणे यांमध्ये थोडी मऊ राहते, तेवढ्यात हात हलला तर डाग कच्चा राहतो. बिनशिशाची तार २१७ अंशांच्या पुढे वितळते. शिकाऊ हाताला ती जड जाते.

आणि फ्लक्स. माझ्या मते या सगळ्या कामाचे निम्मे यश फ्लक्सवर आहे. तांब्यावर आणि सोल्डरवर हवेने जी मळी चढते ती फ्लक्स काढून टाकतो, मग सोल्डर आपोआप धातूकडे ओढले जाते आणि जिथे धातू नाही तिथून मागे सरते. फ्लक्स नसेल तर सोल्डर बिटाला दोऱ्यासारखे चिकटून ओढले जाते आणि शेजारच्या पायाला भिडते. दुकानात नुसते "पेस्ट" मागितले तर काय मिळेल सांगता येत नाही. पत्र्याच्या कामाचे आम्लाचे पेस्ट बोर्डाला लावू नये, ते पुढे महिनाभरात तांबे खाते. राळेपासून केलेला, इलेक्ट्रॉनिक्सचा फ्लक्स म्हणून मागावा. सोबत तांब्याची विणलेली पट्टी, म्हणजे विक, घ्यावी. जास्तीचे सोल्डर ती शोषून घेते. मल्टिमीटर मुलाकडे असेलच.

हे सामान मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडला, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, आणि पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळते. गावाकडच्यांनी पोस्टाने मागवावे. पार्ट एकेक विकत नाहीत, कागदी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीत दहा-वीस-पन्नास असे देतात, आणि ते परवडते.

डोळ्यांचे काय, असा प्रश्न वडीलमंडळी विचारतील. तरुण डोळ्यांना चांगला उजेड पुरतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी जवळचा चष्मा लावावा आणि हातभिंग किंवा घड्याळजी डोळ्याला लावतात तसले भिंग घ्यावे. डाग नीट बसला की नाही हे पाहायला मोबाईलचा कॅमेरा मोठा करून पाहणे ही आजच्या काळातली फुकटची सोय आहे. हात थरथरतो म्हणणाऱ्यांनी मनगट टेबलावर टेकवावे. अधांतरी हात सर्वांचाच थरथरतो. आणि काम काठ असलेल्या ताटात करावे, म्हणजे उडालेला पार्ट ताटातच सापडेल. ते ताट मात्र कायमचे या कामाचे, पुन्हा जेवायला घ्यायचे नाही.

आता आकार. या पार्टांना चार आकडी नावे आहेत. १२०६ म्हणजे इंचाचे बारा शतांश लांब आणि सहा शतांश रुंद, आपल्या मापाने ३.२ मिलिमीटर बाय १.६ मिलिमीटर. स्वयंपाकघरातल्या हिशेबाने सांगायचे तर हा तीळ. ०८०५ म्हणजे दोन मिलिमीटर बाय सव्वा, ही मोहरी. ०६०३ हा राजगिरा, ०४०२ ही खसखस, आणि ०२०१ हा बारीक रवा समजा. सुरुवात तिळापासून करावी. आठवड्याभरात मोहरी जमते. राजगिऱ्यापर्यंत हौशी माणूस आरामात जातो. खसखशीच्या वाटेला सहा महिने जाऊ नये, आणि रवा मशिनीलाच सोडावा. विकत घेताना एक फसगत होते, ती सांगून ठेवतो. काही विक्रेते मिलिमीटरची नावे लिहितात. त्या पद्धतीत १२०६ ला ३२१६ म्हणतात, आणि मिलिमीटरच्या पद्धतीतला ०६०३ म्हणजे इंचाच्या पद्धतीतला ०२०१! राजगिरा मागवला आणि रवा आला, असे होते. म्हणून नावाबरोबर माप विचारून घ्यावे.

रेझिस्टरवर रंगाच्या पट्ट्या नसतात, इंग्रजी आकडे छापलेले असतात. वाचायची रीत अशी: पहिले दोन आकडे जसेच्या तसे, तिसरा आकडा म्हणजे पुढे किती शून्ये. १०३ म्हणजे दहा आणि पुढे तीन शून्ये, दहा हजार ओहम. ४७३ म्हणजे सत्तेचाळीस हजार. ४७१ म्हणजे चारशे सत्तर. चार आकडे असतील तर पहिले तीन जसेच्या तसे, चौथा शून्यांचा, म्हणून १००२ सुद्धा दहा हजारच. मध्ये इंग्रजी आर असेल तर ते दशांशचिन्ह, चार-आर-सात म्हणजे ४.७ ओहम. नुसते शून्य किंवा तीन शून्ये असतील तर तो रेझिस्टर नव्हेच, नुसता जोडतुकडा, आपण तारेचा जंपर मारतो त्याऐवजी. दोन आकडे आणि एक अक्षर असेल तर त्याचा तक्ता वेगळा असतो, तो वहीत उतरवून ठेवावा.

सिरॅमिक कपॅसिटरवर मात्र काहीच छापलेले नसते. सगळे सारखे मातकट. पट्टीतून काढून एकत्र केले की कोणता कोणता ते मीटर लावल्याशिवाय कळणार नाही. म्हणून ज्या क्षणी लागेल त्याच क्षणी एकेक काढावा, पट्टीवर पेनाने किंमत लिहून ठेवावी.

उलट-सुलट असणाऱ्या पार्टांत सारखेपणा नाही, आणि हे बनवणाऱ्यांनी का केले कोण जाणे. डायोडवर जी पट्टी असते ती ऋण बाजू, म्हणजे कॅथोड. ॲल्युमिनियमच्या गोल डबीसारख्या कपॅसिटरवरची काळी खूण तीही ऋण. पण पिवळ्या किंवा काळ्या चौकोनी टँटलम कपॅसिटरवरची पट्टी धन बाजू दाखवते! टँटलम उलटा लागला तर तो पेट घेऊ शकतो, म्हणून तो लावताना दोनदा पाहावे. एलईडीवरच्या खुणा कंपनीगणिक बदलतात. मीटर डायोडवर ठेवून टोके लावावीत. मिणमिणता पेटला की लाल तारेकडची बाजू धन.

आता प्रत्यक्ष काम. बोर्डावर पार्टासाठी दोन चकत्या असतात, त्यांना पॅड म्हणतात. सर्वांत मोठी चूक म्हणजे दोन्हींवर सोल्डर भरून मग पार्ट वर ठेवणे. तो कधीच सपाट बसत नाही. एकाच पॅडवर, किंचित सोल्डर द्यावे. फ्लक्स लावावा. मग डाव्या हातात चिमट्याने पार्ट धरून, उजव्या हातातल्या आयर्नने ते सोल्डर वितळवावे आणि पार्ट बाजूने सरकवत आत आणावा. आधी आयर्न काढावा, सोल्डर गोठेपर्यंत पार्ट धरून ठेवावा, मग चिमटा. फुंकर मारू नये. वाकडा वाटला तर पुन्हा वितळवून सरळ करावा, अजून दुसरी बाजू मोकळी आहे. सरळ झाला की दुसऱ्या बाजूला नेहमीसारखा डाग द्यावा, आणि शेवटी पहिल्या बाजूला थोडा फ्लक्स लावून एकदा आयर्न टेकवावा. चांगला डाग उतारासारखा, आत किंचित खोलगट दिसतो. गोळा दिसला तर सोल्डर जास्त झाले किंवा पॅडला धरलेच नाही. सिरॅमिक कपॅसिटरच्या अंगाला बिट लावून दाबू नये. तो मातीचाच असतो, एकदम तापला की आतून तडकतो आणि वरून दिसत नाही. बिट पॅडला लावावे.

बोर्ड छापून घ्यायची गरज नाही. बाजारात भोकाभोकांचा जनरल पर्पज बोर्ड मिळतो, ज्याला मुले झीरो पीसीबी म्हणतात. त्याची भोके २.५४ मिलिमीटर अंतराने असतात. तिळाच्या आकाराचा १२०६ पार्ट तांब्याच्या बाजूने शेजारशेजारच्या दोन पॅडांवर बरोबर आडवा बसतो.

पहिले सर्किट म्हणून एलईडी मिचकावणारे घ्यावे, ५५५ या टायमरचे. ही आयसी हान्स कामेनझिंड या स्विस अभियंत्याने सिग्नेटिक्स कंपनीसाठी १९७१ साली आखली आणि आजही ती निघते. पायवाल्या रूपात तिच्या पायांतले अंतर २.५४ मिलिमीटर असते, एसएमडी रूपात बरोबर निम्मे, १.२७ मिलिमीटर. तिच्यासाठी छोटा अडॅप्टर बोर्ड मिळतो, त्यावर ती बसवून तो बोर्ड झीरो पीसीबीवर लावावा. जोडणी अशी. पाय १ बॅटरीच्या ऋणाला, ८ आणि ४ धनाला. धनापासून पाय ७ पर्यंत १०३ चा रेझिस्टर, पाय ७ पासून पाय ६ पर्यंत ४७३ चा. पाय ६ आणि २ एकत्र, आणि तिथून ऋणाकडे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. पाय ५ पासून ऋणाकडे ०.०१ मायक्रोफॅरडचा, पाय ८ आणि १ यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा. पाय ३ पासून ४७१ चा रेझिस्टर आणि एलईडी, पुढे ऋणाला. नऊ व्होल्टची बॅटरी. कपॅसिटर २५ व्होल्टचे घ्यावेत.

या मूल्यांचा हिशेब सेकंदाला साधारण १.४ वेळा येतो, म्हणजे तीन सेकंदांत चार वेळा मिचकावणे. सिरॅमिक कपॅसिटरची साठवण व्होल्टेजखाली थोडी घटते, तेव्हा प्रत्यक्षात किंचित जलद झाले तर घाबरू नये. पण एलईडी अगदी मिणमिणता आणि फडफडत दिसला, तर समजावे की ४७१ आणि ४७३ यांची अदलाबदल झाली. एका आकड्याचा फरक, पण किंमत शंभर पटीने वेगळी. असा दोष मुलाने स्वतः हुडकून काढला की तो ते आकडे जन्मभर विसरत नाही, म्हणून वडिलांनी लगेच सांगून टाकू नये.

आयसी बसवायची रीत वेगळी. तिच्या अंगावर एका कोपऱ्यात ठिपका असतो, तो पाय १. ठिपका नसेल तर ज्या लांब बाजूची कड तिरपी छाटलेली आहे, ती पाय १ ची बाजू. एका कोपऱ्याच्या पॅडवर सोल्डर देऊन तो एकच पाय टेकवावा. मग चारही बाजूंनी पाहावे. सगळे पाय आपापल्या पॅडवर असतील तर समोरचा तिरका कोपरा टेकवावा. इथपर्यंत घाई करू नये, यापुढे सोपे आहे. दोन्ही रांगांवर भरपूर फ्लक्स लावून बिटावर थोडे सोल्डर घेऊन एकेक पाय करीत जावे. दोन पाय चिकटले तर चिकटू द्यावेत. शेवटी त्यावर फ्लक्स लावून विक ठेवावी, वरून आयर्न टेकवावा, जास्तीचे सोल्डर विक पिते. विक आणि आयर्न एकदमच उचलावेत, नाहीतर विक गोठून चिकटते आणि ओढताना प्रिंट उखडते. बॅटरी लावण्यापूर्वी शेजारच्या पायांमध्ये शॉर्ट नाही ना, हे मीटरने पाहावे.

सरावाला भंगारातले बोर्ड उत्तम. जुना मोडेम, डीव्हीडी प्लेअर, संगणकाचा मदरबोर्ड, रद्दीवाल्याकडे मिळेल ते. युरोपात १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर निर्बंध आले आणि जगभरच्या कंपन्यांनी बिनशिशाचे सोल्डर धरले. त्यामुळे त्यानंतरच्या बोर्डांवरचा डाग लवकर वितळत नाही. त्यात आपले शिसेवाले सोल्डर थोडे मिसळले की मिश्रण लवकर वितळते. पार्ट काढताना दोन्ही टोकांवर सोल्डरचा मोठा थेंब द्यावा, चपट्या बिटाने दोन्ही बाजू एकदम किंवा आळीपाळीने तापवाव्यात, पार्ट आपणच बिटाला चिकटून येतो. चिमट्याने उपटू नये.

पण भंगाराचे दोन धोके आहेत. चार्जर आणि पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशे व्होल्टच्या घरात वीज साठून राहू शकते, म्हणून सुरुवातीला त्या भागाला हात लावू नये. आणि मोबाईलच्या बोर्डाला आयर्न लावण्यापूर्वी बॅटरी काढून दूर ठेवावी. फुगलेली बॅटरी तर टोचायची नाही, दाबायची नाही.

बिघडलेल्या एलईडी बल्बविषयी स्वतंत्र लिहितो, कारण २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेनंतर ते घरोघर आले आणि मुले प्रथम तेच उघडतात. आत गोल पत्र्यावर पिवळे चौकोन असतात, बहुतेक २८३५ आकाराचे, म्हणजे २.८ बाय ३.५ मिलिमीटर. ते माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असतात, म्हणून एक गेला की पूर्ण बल्ब जातो, आणि गेलेल्यावर बहुधा काळा ठिपका दिसतो. मुलगा म्हणतो, हा बदलला की झाले. परंतु तो पत्रा ॲल्युमिनियमचा असतो, उष्णता पसरवण्यासाठीच केलेला. वरून आयर्न लावला तर सगळी उष्णता पत्रा पिऊन टाकतो, त्याला खालून तापवावे लागते. आणि मुख्य म्हणजे स्वस्त बल्बांत घरची २३० व्होल्टची वीज आणि आतले सर्किट यांच्यामध्ये बहुधा कोणताही आडपडदा नसतो. आवरण काढलेला बल्ब होल्डरला लावून "पेटतो का पाहू" म्हणणे म्हणजे उघड्या तारेला हात लावणे. विजेवरून काढून ठेवलेल्या मृत पत्र्यावर खुशाल सराव करावा. जिवंत बल्बाची दुरुस्ती जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकावी.

तसेच आयर्नचा प्लग. तीन पिनांचा असेल तर तिसरी पिन तोडून दोन पिनांच्या सॉकेटला लावायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. ती पिन अर्थिंगची आहे. आयर्न आतून गळू लागला तर तीच जीव वाचवते, आणि नाजूक आयसीही वाचवते.

एका खोलीच्या घरात हे काम करणाऱ्यांसाठी आणखी थोडे. सोल्डर करताना जो धूर निघतो तो शिशाचा नव्हे, फ्लक्समधल्या राळेचा असतो, पण राळेचा धूर नेहमी छातीत गेल्याने दमा जडू शकतो. खिडकीशी बसावे, छोटा पंखा धूर बाहेर जाईल असा लावावा, तोंड बोर्डावर ओणवे धरू नये. शिसे पोटात जाते ते हातामार्फत. म्हणून काम करताना खाणे-पिणे, तंबाखू-बिडी काही नाही, तार तोंडात धरायची नाही, आणि उठल्यावर साबणाने हात धुवायचे. लहान मुलांना शिसे फार बाधते. रांगते मूल असेल त्या घरात खाली बसून हे काम करू नये, टेबलावर करावे, आणि नंतर जागा ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, कोरडा झाडू नये. फ्लक्स पुसायला जे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात ते पेट घेते. गॅस, मेणबत्ती आणि तापलेला आयर्न यांपासून ते दूर असावे.

राहिली मशीन. मोबाईलवाले ज्याला एसएमडी मशीन म्हणतात ती गरम हवेची बंदूक असते. ज्या आयसींना बाजूला पायच नाहीत, डाग सगळे पोटाखाली आहेत, त्यांना ती लागते. ०८०५ सहज बसू लागला, १.२७ च्या पायांची आयसी तीन-चार वेळा बिनशॉर्टची झाली, भंगारातले पार्ट प्रिंट न उखडता निघू लागले, की मग तिचा विचार करावा. तोवर ओळखीच्या दुकानात रविवारी तासभर बसून पाहू दिले तर पाहावे. हवा कमी ठेवून दुरून तापवतात, नाहीतर शेजारचे सगळे पार्ट पाचोळ्यासारखे उडतात.